धरून की मोकळी?

आमच्या घरात सून सासऱ्याला हुकूम देते आणि सासरा तो निमूट पाळतो. हे मी कचेरीत सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हातातलं काम बाजूला सारून खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली. पुढचं ऐकल्यावर मात्र त्यांचा हिरमोड झाला, कारण हुकूम खेळातला निघाला.

खेळ चकतीचा. ताटलीएवढी, जाड प्लास्टिकची चकती लांबून फेकायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत घालायची. कमी फेकींत जो घालील तो जिंकला. परदेशात याला डिस्क गोल्फ म्हणतात. माझा धाकटा दीर तिकडे नोकरीला आहे. एका सुट्टीत तो पिशवी भरून चकत्या घेऊन आला. घरातल्या पोरांनी दोन दिवस खेळून त्या माळ्यावर टाकल्या, आणि नाद लागला तो मला आणि आबांना. आबा म्हणजे माझे सासरे, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्यात दर दुसऱ्या घरात एक निवृत्त फौजी असतो, पण चकती फेकणारा फौजी आमच्याच घरात आहे.

माझ्या नवऱ्याची एमआयडीसीत फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. त्यानं आम्हाला खांबावर बसवलेल्या नऊ टोपल्या वेल्डिंग करून दिल्या आणि त्या आम्ही आमच्या रानात पुरल्या. साखळ्या बाजारातून गुरांच्या आणल्या, दावणीला बांधायच्या. चकती त्या साखळ्यांवर आदळून टोपलीत पडते तेव्हा असा काही आवाज होतो, की माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. दिवसभर फायली चाळून आलेल्या बाईला तो आवाज काय करतो हे सांगून कळायचं नाही. मी संध्याकाळी घरी येते, चहा घेते आणि साडी बदलून सलवार-कमीज घालून रानात पळते.

आम्ही जोडीनं खेळतो. जोडीला चकती एकच. एक फेक माझी, पुढची आबांची, चकती जिथे पडली असेल तिथून. सुरुवातीला प्रत्येक फेकीआधी आमचं भांडण व्हायचं. मला सगळं ओलांडून सरळ टोपलीवर जायचं असायचं, त्यांना बांधाच्या कडेकडेनं. “अशानं पल्टन बुडवशील,” ते म्हणायचे. “अशानं उजाडेल,” मी म्हणायचे. शेवटी एके दिवशी आबांनी तोफखान्याचा कायदा रानात आणला.

“तोफंवर हुकूम देनारा येगळा आन् डागनारा येगळा,” ते म्हणाले. “दोगं येकच असलं तर गोळा कुटंबी जातो.”

तेव्हापासून ज्याची फेक असेल त्यानं गप्प राहायचं आणि जोडीदारानं ठरवायचं. हुकूम दोनच. ‘धरून’ म्हणजे जपून, थोडं थोडं पुढे सरकत. ‘मोकळी’ म्हणजे थेट टोपलीवर, मग जे होईल ते होईल. हुकूम मिळाला की वाद नाही, तोंड वाकडं करायचं नाही, नंतर टोमणा मारायचा नाही. यातलं शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

एक गोष्ट मला या कायद्यानं शिकवली. माझ्या स्वतःच्या फेकीला मला मोकळीशिवाय काही सुचत नाही. पण आबांच्या फेकीला माझ्या तोंडून हटकून ‘धरून’ निघतं. आपल्या हातानं नुकसान झालं तर आपण हसून सोडून देतो; दुसऱ्याच्या हातून करवायचं म्हटलं की जीभ अडखळते. आबांचंही तेच होत असणार, कारण मला ते उठसूट ‘धरून’च सांगायचे.

त्याला कारणही होतं. आमच्या रानाच्या एका अंगाला ऊस आहे. मोकळी चुकली की चकती उसात. ऊस डोक्याच्या वर गेला की पात्यांनी हात चिरून घेतले तरी ती सापडत नाही. मग ऊसतोड येईपर्यंत थांबायचं. टोळीतल्या बायका फड तोडता तोडता एकेक चकती काढून बांधावर ठेवतात. एका बाईनं तर तिला सापडलेली चकती भाकरीच्या टोपल्यावर झाकण म्हणून ठेवली होती. परत देताना तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, राहू द्या तुम्हालाच, तुमच्याकडे ती जास्त कामाची आहे.

आता माझ्या भावाचं सांगते. माझं माहेर कवठे महांकाळच्या पुढे, सांगली जिल्ह्याच्या पार टोकाला. धाकटा भाऊ तिथे द्राक्षं पिकवतो आणि बेदाणा करतो. तो आणि वहिनी आमच्याकडे आले असताना आमचा खेळ बघून तो पोट धरून हसला. मग त्यानं एक फेकून बघितली. लहानपणापासून ज्वारीच्या रानात गोफण फिरवलेला हात तो. चकती जी सुटली ती रानाच्या पलीकडे. दुपारभरात नवरा-बायको दोघंही शिकले, आणि त्यानंतर कधी आले की खेळायचंच. एकदा खेळता खेळता त्यानं मला चिडवलं, की आक्का, तुझ्या टोपल्या तुझ्यापेक्षा मला जास्त ओळखतात. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “जिकलास तर घिऊन जा समद्या.”

तो जिंकला. आणि घेऊन गेला. मला वाटलं होतं थट्टेनं एखादी नेईल, पण त्यानं नऊच्या नऊ खणून काढून गाडीत घातल्या. दुसऱ्या दिवशी रानात नऊ खड्डे होते.

नवरा म्हणाला, त्यात काय, आठवड्यात दुसऱ्या नऊ करून देतो. आबा जेवता जेवता थांबले. “हरल्याली चीज जिकून परत आनायची असती,” ते म्हणाले. “नवी करून लाज झाकती व्हय?” ठरलं असं, की टोपल्या ज्याच्याकडे असतील त्याच्या माळावर वर्षानं सामना व्हायचा, आणि जिंकणाऱ्यानं त्या न्यायच्या. ते वर्षभर आम्ही लिंबाच्या खोडावर चकत्या आपटल्या. खोडावर आपटलेल्या चकतीचा आवाज अगदी गरीब असतो.

त्याच वर्षात आबांचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, वयाचं आहे, जाणार मात्र नाही. लांब फेकताना काही होत नसे. हात जोरात फिरतो, त्यात कंप बुडून जातो. पण जवळून, हात जागेवर स्थिर धरून अलगद टाकायची वेळ आली की बोटं सुटायची. घरानं लगेच जपायला सुरुवात केली. सासूबाई चहा अर्धा कप देऊ लागल्या. नवरा न सांगता त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावायचा. मी त्यांच्या ताटात भाकरी आधीच आमटीत कुस्करून ठेवायचे. आबा चारचौघांत बसताना हात खिशात घालू लागले.

सामन्याच्या दिवशी आम्ही नवऱ्याच्या टेम्पोतून निघालो. तो चालवायला, मी मध्ये, आबा खिडकीपाशी. टेम्पो मुद्दाम रिकामा घेतला होता, येताना टोपल्या आणायच्या म्हणून. मी इतकी फुरफुरत होते, की कराड येईपर्यंत माझं बोलणं थांबलं नाही. भावाला कसं नमवायचं, वहिनीची फेक कुठे वळते, कोणत्या फेकीला कोणती चकती घ्यायची. मिरज मागे पडलं आणि रान उघडं होत गेलं. तेव्हा आबा बाहेर बघत बघतच बोलले.

“आज जवळची माज्या हातनं चुकली आन् त्यापायी सामना गेला, तर हितनं फुडं मी बसून बघनार. तू दुसरा जोडीदार बघायचा.”

“आवं आबा, कायबी काय बोलताय.”

“बोललो ते बोललो.”

नवऱ्यानं गिअर बदलला आणि रस्त्याकडे बघत राहिला. मला टोपल्या हव्या होत्या, वर्षभर त्यांच्यासाठी मी तळमळत होते, पण त्या क्षणी टोपल्यांचं काही वाटेनासं झालं. हा माणूस टाकायचा बंद झाला तर मी रानात कोणाला हुकूम देणार आणि कोणाचा ऐकणार? आणि खिशात गेलेला तो हात मग परत बाहेर कशासाठी येणार? मी तोंडाला कुलूप घातलं. भाऊ भेटला तेव्हा तो म्हणाला, “आक्का, बरं न्हाई व्हय? बोलंना झालीस ती.”

त्याच्या माळावर माझ्या टोपल्या पाहिल्या आणि अंगात वारं भरलं. त्यानं त्यांना निळा रंग दिला होता. विचारलं सुद्धा नव्हतं. बेदाण्याचा हंगाम चालू होता. माळाच्या मधोमध लांबलचक शेड, आत जाळ्यांच्या कप्प्यांवर एकावर एक द्राक्षं वाळत घातलेली, आणि सगळीकडे गोडसर वास. शेडवर काम करणाऱ्या बायका सावलीला बसून बघायला तयार होत्या. माहेरची लेक सासऱ्याला घेऊन भावाशी खेळायला आली, एवढी करमणूक त्यांना पुरेशी होती. आबांनी पायात पलटणीतले कॅनव्हासचे बूट घातले होते. त्यांनी दोन बोटांत चिमूटभर माती धरून वाऱ्यावर सोडली, ती कुठे जाते ते बघितलं आणि मान हलवली.

पहिल्या तीन टोपल्या अशा झाल्या, की मी उड्या मारायच्या बाकी होते. आबा मला दर वेळी ‘धरून’ सांगत होते, मी ऐकत होते आणि चकती सांगितल्या जागी जात होती. भाऊ मात्र वहिनीला ‘मोकळी’शिवाय दुसरं काही सांगतच नव्हता. तिसरीला तिची चकती थेट डाळिंबात गेली आणि आम्ही एका फेकीनं पुढे झालो.

चौथीला घोळ झाला. आबांची फेक होती. समोर शेड, पलीकडे टोपली. मी म्हणाले, “धरून.” त्यांनी साताऱ्याच्या सवयीनं धरून टाकली, म्हणजे खाली, जमिनीलगत. आमच्याकडे गवत आहे. खाली टाकलेली चकती थोडी घसरते आणि बसते. इथे कडक मुरूम. चकती टेकली, टणकन उडाली, कडेवर उभी राहिली आणि सायकलच्या चाकासारखी पळत सुटली. आम्ही चौघं नुसतं बघत होतो. ती उताराला लागली, एक वळण घेतलं आणि शेडमध्ये, खालच्या जाळीवरच्या द्राक्षांत जाऊन आडवी झाली. बायका हसून हसून लोळल्या. वहिनीनं चकती काढून, पदरानं पुसून आबांना आणून दिली आणि म्हणाली, “मामा, बेदान्यासंगं हीबी वाळवू काय?”

माझंच चुकलं होतं. मी या मुरमावर वाढलेली. इथे खाली टाकलेली कुठलीही वस्तू थांबत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. पण इतकी वर्षं साताऱ्याचं गवत तुडवून मी ते विसरले होते. मी आबांना म्हणाले, “हितं धरून म्हंजी उंच. वरनं सपाट पाडायची. खाली टाकली तर तीच खरी जोखीम.”

बुटाच्या टोकानं आबांनी मुरूम दोनदा उकरून पाहिला. “म्हंजी हितं जपून वागायचं तर दांडगाई करायची,” ते म्हणाले. “तुज्या माहेरची रीतच न्यारी.”

चौथीला दोन फेकी गेल्या, पाचवीला एक भरून काढून आम्ही बरोबरीला आलो. सहावीला ती वेळ आली. आबांची जवळची फेक. टोपली दोन हातांवर म्हणावी इतकी जवळ, साताऱ्यात डोळे मिटून घातली असती. त्यांचा हात वर झाला आणि कापायला लागला. भावानं बघितलं. वहिनीनं बघितलं. दोघांनी लगेच नजर दुसरीकडे वळवली, आणि ते मला फार लागलं. चकती टोपलीच्या कडेवर आपटून खाली पडली. आबा माझ्यापासून थोडे लांब जाऊन उभे राहिले, हात खिशात.

सातवी बरोबरीची गेली. आम्ही एका फेकीनं मागेच होतो. आठवीला माझी फेक, लांबची, मध्ये बाभळींची रांग. मी ‘धरून’ची वाट बघत उभी होते.

“मोकळी,” आबा म्हणाले.

मी वळून बघितलं. कायदा मोडून विचारलंही, “खरंच?”

“टाक.”

मी जी फेकली ती मला आजही हातात जाणवते. चकती बाभळींच्या वरून गेली, वाऱ्यावर जराशी तरंगली, डावीकडे कलली आणि टोपलीच्या बुंध्याशी येऊन पडली. शेडवरच्या बायका उभ्या राहिल्या. माझ्या तोंडून काय निघालं ते इथे लिहीत नाही. आबांना नुसतं वाकून ती टोपलीत ठेवायची होती, आणि आम्ही बरोबरीला आलो.

नववी टोपली भावानं मुद्दाम खाष्ट जागी ठेवली होती. शेततळ्याचा मातीचा उंच भराव, त्याच्या अलीकडे, पायथ्याशी टोपली. भरावाच्या पलीकडे काळं प्लास्टिक अंथरलेलं पाणी. चकती लांब गेली की पाण्यात, आणि पाण्यात गेली की एक फेक दंड. शिवाय तिथून ती काढायची सोय नाही. प्लास्टिक इतकं निसरडं, की तिथे कुणी उतरत नाही.

आधी त्यांची पाळी होती. भावानं पहिली सुरेख टाकली. वहिनीच्या वेळी त्याच्या तोंडून पुन्हा ‘मोकळी’ आलं. तिनं एकदा त्याच्याकडे रोखून बघितलं आणि फेकली. चकती टोपलीवरून, भरावावरून गेली आणि डुबुक आवाज झाला. “मी सांगत हुते न्हवं सकाळपास्नं,” वहिनी म्हणाली. कायद्याप्रमाणे हे बोलायचं नसतं, पण कोणी तिला अडवलं नाही. दंड धरून त्यांच्या पाच फेकी झाल्या. म्हणजे आम्ही चारांत घातली, की सामना आमचा.

माझी पहिली. आबांनी ‘धरून’ सांगितलं. मी उंच टाकली, जागच्या जागी बसली. दुसरी आबांची. हुकूम माझा.

आता हिशेब कुणालाही जमेल असा होता. आबांनी धरून टाकायची, मी तिसरी टोपलीजवळ न्यायची, चौथी आबांनी आत घालायची. झालं. भाऊसुद्धा खाली बसून मुरमाचे खडे वेचत होता, इतकं ते सरळ होतं. फक्त त्या सरळ हिशेबात शेवटची फेक आबांच्या हातात येत होती. जवळची. स्थिर हातानं टाकायची.

माझ्या डोक्यात त्या वेळी दुसरं काही नव्हतं. आबांनी थेट टोपलीपाशी नेली तर तिसरीला मीच आत घालीन आणि त्यांच्यावर शेवटची येणारच नाही. लांबची त्यांना जमते. पाण्यात गेली तर? तर बघू.

“मोकळी,” मी म्हणाले.

भाऊ उठून उभा राहिला. “आक्का, येडी झालीस काय? चार पुरं हायत तुमाला.”

“तुला इचारलं न्हाई,” मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण बघितलं. मग त्यांनी पाय रोवले, कंबर वळवली आणि सोडली. काय फेक होती ती. हात अजिबात कापला नाही. चकती सरळ रेषेत गेली, टोपलीच्या साखळ्यांवरून गेली, मी मनात तिला ओरडून सांगत होते की बस, आता खाली बस, आणि ती भरावाच्या उतारावर, वरच्या कडेपासून वीतभर अलीकडे, मातीत रुतून थांबली. बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

मी भरावावर चढले. पाठीशी तारेचं कुंपण आणि पाणी, खाली उतारावर टोपली. तिसरी फेक माझी. इथून मला टोपली दिसत होती, साखळ्या मोजता येत होत्या. जमण्यासारखी होती. चुकली असती तर मात्र उतारानं आणि मुरमानं मिळून तिला पार शेडपर्यंत नेलं असतं. मी चकतीची माती पुसली आणि हुकमाची वाट बघत उभी राहिले. मला खात्री होती आबा ‘मोकळी’ म्हणणार. आठवीला म्हणालेच होते.

आबा खाली टोपलीपाशी उभे होते. ते उन्हातून हळूहळू भराव चढून माझ्याजवळ आले, म्हणजे त्यांचं बोलणं बाकीच्यांना ऐकू जाऊ नये.

“मगाशी मोकळी का म्हनलीस ते मला कळलं,” ते म्हणाले.

मी खाली बघितलं.

“मला शेवटची पडू नये म्हून.”

“आबा, तसं न्हाई...”

“तसंच हाय.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “घरात समदी मला अर्धा कप च्या देत्यात. हितं तूबी तेच केलंस.”

मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा मला संताप येत होता. मी म्हणाले, “पन तुमीच म्हनलायसा, चुकली तर टाकायचं बंद. मग मी काय करायचं हुतं?”

“माजं मी बघीन. तू हुकूम ऐक.” त्यांनी खालच्या टोपलीकडे बोट केलं. बोट कापत होतं, आणि त्यांनी ते खिशात घातलं नाही. “धरून.”

‘धरून’ म्हणजे भित्र्याचा हुकूम असं मी आजवर समजत आले होते. त्या भरावावर उभी असताना मला समजलं, की सबंध दिवसातली सगळ्यात मोठी जोखीम आबांनी या एका शब्दात आपल्या अंगावर घेतली होती. मी मोकळी टाकून कदाचित तिथेच जिंकले असते. पण मग तो सामना मी जिंकला असता, आबांनी नाही, आणि ते त्यांनाही कळलं असतं आणि मलाही.

मी चकती उंच टाकली. इतकी हलकी, इतकी सपाट, की ती जणू वरून कोणी अलगद ठेवली. टोपलीपासून एका खाटेच्या लांबीवर पडली आणि हलली नाही.

आबा भरावावरून उतरले. मी त्यांच्या मागे. त्यांनी चकती उचलली, शर्टाच्या कडेला पुसली आणि टोपलीसमोर उभे राहिले. कायद्यानं मला हुकूम द्यायचा होता. इतक्या जवळ आम्ही कधी हुकूम देत नाही, कारण ठरवण्यासारखं काही उरलेलं नसतं. पण आबा थांबले होते, माझ्याकडे न बघता, हुकमासाठी.

“मोकळी,” मी म्हणाले.

त्यांनी हात वर केला आणि हात कापायला लागला. नेहमी ते दुसऱ्या हातानं मनगट धरायचे, किंवा घाईनं टाकून मोकळे व्हायचे. या वेळी त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. हात कापू दिला. सगळ्यांदेखत. वहिनीनं पदर तोंडात धरला होता. या वेळी कोणी नजर वळवली नाही. हात कापत कापतच पुढे गेला आणि चकती सुटली. सरळही नव्हती, एका अंगाला कलंडलेली होती, आणि ती साखळ्यांवर जाऊन खणखणली.

मी इतकी ओरडले, की शेडवरची पाखरं उडाली. भावानं डोक्यावरची टोपी काढून मुरमावर आपटली आणि दुसऱ्या क्षणी तोच आबांच्या पाया पडायला धावला. “आवं मामा, मामा,” एवढंच त्याला सुचत होतं. बायका उठून आल्या होत्या. नवरा टेम्पोच्या टपावर चढून हात हलवत होता. मला हसू की रडू हे कळत नव्हतं, म्हणून मी दोन्ही करत होते.

आबांनी सगळ्यांना हातानं बाजूला केलं आणि चकती काढायला टोपलीत हात घातला. ती साखळ्यांच्या आत, खोलवर अडकली होती. आता त्यांचा हात मघापेक्षा जास्त कापत होता. बोटं चकतीच्या कडेवर बसायची आणि निसटायची, आणि दर वेळी साखळ्या वाजायच्या. गलका हळूहळू थांबला. वहिनी मदतीला पुढे निघाली, तिला मी दंडाला धरून मागे ओढलं. मग आम्ही सगळे त्या उन्हात तसेच उभे राहिलो, साखळ्या वाजत राहिल्या, आणि आबांना लागला तेवढा वेळ आम्ही लागू दिला.